पिलांचे अंथरूण कोरडे ठेवा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो एक भगिनी डालगे घेऊन पायरीशी उभी होती. डालग्यात अकरा पिले होती. पंख गळालेले, डोळे मिटलेले, एकमेकांना चिकटून बसलेली.

"फादर, पन्नास आणलेली, अकराच ऱ्हायलीत. औषध कुठलं घालू सांगा बघू," ती म्हणाली.

बचत गटातून कर्ज काढून तिने ही पिले घेतली होती. दिवाळीपर्यंत ती वाढवायची, थोडी विकायची, थोडी अंड्यांसाठी ठेवायची आणि मुलीची फी भरायची, असा तिचा हिशेब होता. तीन आठवड्यांत हिशेब उलटा झाला होता.

दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. माजघराच्या एका कोपऱ्यात दोन फळ्या आडव्या लावून पिलांची जागा केली होती. खाली वर्तमानपत्रे, त्यावर पिले आणली त्या दिवशी टाकलेले भाताचे तूस. वर एक लखलखीत एलईडी बल्ब. आम्ही मूठभर तूस उचलून दाबले. लाडू वळावा तसा त्याचा गोळा झाला आणि हाताला असा वास लागला की डोळ्यांत पाणी आले. बल्बला हात लावला तर तो थंड.

त्या भगिनीने हयगय केली असे आम्ही म्हणणार नाही. खाद्य वेळेवर होते, पाणी होते, दारही बंद होते. चुकले ते एवढेच की पिले निजत होती ती जागा ओली आणि गार होती. शेतकरी बंधुभगिनींनो, आमच्या अनुभवाने सांगतो, घरात वाढवलेली लहान पिले दगावतात त्यांतील पुष्कळशी याच एका कारणाने दगावतात. आणि आपण मात्र औषधाची बाटली शोधत हिंडतो.

हे आम्ही फार शहाणे म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्हीही तीस पिले आणली होती. खोके चौकोनी, खाली गुळगुळीत वर्तमानपत्र. चार दिवसांत तीन पिलांचे पाय दोन बाजूंना फाकले. ती पुन्हा उभी राहिली नाहीत. पुढे डिसेंबरातल्या एका रात्री वीज गेली. सकाळी पाहतो तर चौदा पिले खोक्याच्या कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरून मेलेली. त्या सकाळी आम्ही जे शिकलो, त्यातलेच पुष्कळसे येथे लिहीत आहोत.

आई नसलेली पिले

गावठी कोंबडी खुडूक होते, अंड्यांवर बसते आणि पिले निघाली की त्यांना पंखांखाली घेते. हे चित्र आपल्या इतक्या ओळखीचे आहे की प्रभूनेही यरुशलेमविषयीचे आपले दुःख सांगताना तेच योजले. आई पिलांना ऊब देते, पावसात कोरड्या जागी नेते, काय खावे ते चोचीने उकरून दाखवते. आपल्याला काही करावे लागत नाही.

सुधारित जातींचे तसे नाही. बंगळूरला तयार झालेली गिरिराजा किंवा हैदराबादची वनराजा घ्या. या कोंबड्या परसात वाढाव्यात म्हणूनच तयार केलेल्या, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची पिले उबवणी यंत्रातून निघतात आणि एक दिवसाची असतानाच खोक्यात बसून आपल्या घरी येतात. अंड्यातला उरलेला बलक पोटात असतो, म्हणून दोन-तीन दिवसांच्या प्रवासात ती तग धरतात. पण अंगावर असते ती नुसती लव. खरी पिसे येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. तोवर आई आपणच. आईचे पंख म्हणजे बल्ब, आणि आईच्या पोटाखालची कोरडी जागा म्हणजे आपण घातलेले अंथरूण.

अंथरूण कशाचे करावे?

खानापूर-नंदगड भागात भाताचे तूस मिळण्यास अडचण नाही. ते हलके असते, लवकर वाळते आणि पिले ते फारसे खात नाहीत. सुताराकडील रंध्याचा भुसा तुसापेक्षाही जास्त ओल शोषतो. मिळाला तर जरूर घ्यावा. करवतीचा पिठासारखा बारीक भुसा मात्र पहिले काही दिवस नको. पिले तो दाणा समजून खातात, पोट भरल्यासारखे होते आणि खाद्य राहते. शिवाय त्याची धूळ नाकात जाते. भुईमुगाची टरफले चालतात, पण ती फोडून बारीक करावीत. भाताचे पिंजर, म्हणजे पेंढा, अखंड घालू नये. त्याचा थर बसतो आणि खाली ओल कोंडते. घालायचेच तर दोन बोटे लांबीचे तुकडे करून घालावे.

कोणतीही वस्तू वापरा, एक गोष्ट आधी पाहा. तिला बुरशी नसावी. कुबट वासाचे तूस, पावसात भिजून वाळलेले पिंजर, पोत्यात काळे पडलेले टरफल, यांतील बुरशीचे कण श्वासावाटे पिलांच्या फुप्फुसात जातात. पहिल्याच आठवड्यात पिले तोंड उघडून धापा टाकू लागतात आणि मरतात. या रोगावर उपयोगी पडेल असे औषध नाही. म्हणून तूस मृगाच्या आधी आणावे, उन्हात दोन दिवस वाळवावे आणि पोत्यात भरून जमिनीपासून उंच ठेवावे. जुलैत गिरणीच्या उघड्या ढिगातून आणलेले तूस कोरडे दिसले तरी आत दमट असते.

अंथरण्याची रीत अशी. शेणाने सारवलेली जमीन पावसाळ्यात खालून ओल सोडते आणि फरशी गार असते. म्हणून तळाशी प्लास्टिकचा कागद पसरावा. त्यावर दोन ते तीन इंच तूस घालावे. पहिले दोन-तीन दिवस त्यावर जुने गोणपाट किंवा खडबडीत कागद पसरून त्यावर खाद्य भुरभुरावे, म्हणजे पिलांना तूस आणि दाणा यांतला फरक कळतो. गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतो आणि आमच्या तीन पिलांचे झाले तेच होते. चौथ्या दिवशी गोणपाट काढून टाकावे.

मूठ दाबून पाहा

अंथरूण कोरडे आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, मुठीला कळते. रोज सकाळी भांड्याजवळचे मूठभर तूस उचलून दाबावे. मूठ उघडताच ते किंचित एकत्र राहून लगेच विस्कटले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल फार आहे. आणि मुळीच न चिकटता धूळ उडाली तर ते जास्त कोरडे आहे. तेही पिलांच्या नाकाला बाधते, पण आपल्याकडे पावसाळ्यात ती भीती थोडी.

दिवसातून एकदा हाताने किंवा लहान पंजाने तूस खालीवर करावे. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस त्याच वेळी काढून कोरडे घालावे. ही पाच मिनिटे कधीही चुकवू नयेत.

दुसरी परीक्षा नाकाची. गुडघे टेकून पिलांच्या उंचीवर नाक न्या. उभे राहून जो वास येत नाही तो तेथे येतो. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास म्हणजे अमोनिया. ओल्या विष्ठेतून तो निघतो, पिलांचे डोळे सुजवतो आणि श्वासाचे रोग आत येण्यास वाट करून देतो. असा वास आला की वरवर नवे तूस टाकून भागत नाही. खालचे सगळे काढावे. काही जण चुना टाकतात. टाकायचाच तर पिले बाजूला काढून, पूर्ण विझवलेल्या चुन्याची पूड थोडी घालून ती तुसात नीट मिसळावी. कळीचा चुना कधीही नको. पिलांचे पाय भाजतात.

ओल एवढी वाईट का, तेही सांगितले पाहिजे. पिले तीन ते सहा आठवड्यांची असताना रक्ती हगवण होते. तिचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ते लगेच रोग देण्याजोगे नसतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात, मग पिले तूस उकरताना ते गिळतात. कोरड्या तुसात ते सहजासहजी तयार होत नाहीत. म्हणजे रोज वाळलेले अंथरूण हेच या रोगाचे पहिले औषध. त्या भगिनीच्या पिलांची विष्ठा आम्ही जनावरांच्या दवाखान्यात पाठवली, तेव्हा निघाला तो हाच रोग. डॉक्टरांनी पाण्यातून देण्याचे औषध दिले, पण बजावून सांगितले की तूस बदलल्यावाचून औषध दिले तर रोग पुन्हा येईल.

गोल कुंपण

जागा चौकोनी ठेवू नये. थंडी वाजली किंवा भीती वाटली की पिले कोपऱ्यात धावतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. जाड पुठ्ठा, पत्रा किंवा बांबूची चटई घेऊन दीड फूट उंचीचे गोल कुंपण करावे. पन्नास पिलांना चार फूट व्यासाचा गोल पहिल्या आठवड्यास पुरतो. पुढे तो दर आठवड्याला वाढवत न्यावा. चौथ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक पिलाला अर्धा चौरस फूट, आणि आठव्या आठवड्यापर्यंत एक चौरस फूट जागा हवी. दाटी झाली की अंथरूण दुप्पट वेगाने ओले होते आणि पिले एकमेकांना टोचू लागतात.

रात्री वरून अर्ध्या इंचाची जाळी टाकावी. उंदीर, घुशी, मांजर आणि मुंगूस यांना पिलांचा वास लवकर लागतो.

ऊब किती आणि कशी?

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. नंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जावे. स्वस्त थर्मामीटर मिळाला तर बरे. नसला तरी अडत नाही, कारण पिले स्वतः सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून दूर, कुंपणाला चिकटून, चोच उघडून बसली तर ऊब जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सगळीकडे पसरून कोणी खाते, कोणी निजते, असे दिसले तर आपणही निर्धास्त झोपावे.

आता बल्बविषयी. आपल्या वडीलधाऱ्यांनी साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगून पिले वाढवली. त्या बल्बात तार तापते, म्हणून उजेडापेक्षा ऊबच जास्त मिळते. एलईडी बल्ब विजेची बचत करतो तो ऊब जवळजवळ न देऊनच. घरात तो उत्तम, पिलांना निरुपयोगी. पन्नास पिलांसाठी तारेचे साठ वॅटचे दोन बल्ब, अंथरुणापासून फूट-दीड फूट उंचीवर टांगावे; किंवा कुक्कुटपालनाच्या दुकानात मिळणारा ऊब देणारा तांबडा दिवा घ्यावा, पण तो अधिक उंच, दोन फुटांवर असावा. दोन बल्ब असले की एक गेला तरी दुसरा राहतो. बल्ब वायरीवर लोंबकळत ठेवू नये. साखळीने किंवा तारेने आढ्याला पक्का बांधावा. तूस आणि भुसा पेट घेतात, हे विसरू नये.

वीज गेली तर? गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून गोलात ठेवाव्यात आणि कुंपणावर गोणपाट अर्धवट पसरावे, म्हणजे ऊब टिकते आणि हवाही खेळते. काही घरांत कोळशाची शेगडी ठेवतात. याबद्दल आम्ही हात जोडून सांगतो, दारेखिडक्या लावलेल्या खोलीत शेगडी ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो पिलांना मारतो, आणि त्याच खोलीत निजलेल्या माणसांनाही मारतो.

पाणी आणि खाद्य

पिले घरी आली की आधी पाणी, मग खाद्य. पाणी उकळून कोमट केलेले असावे. पहिल्या दिवशी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम गूळ किंवा साखर विरघळवून द्यावी. प्रवासाचा शीण जातो. दोन-चार पिलांची चोच हळूच पाण्यात बुडवून दाखवली की बाकीची त्यांचे पाहून पितात. भांडे उथळ असावे. ताटलीच ठेवायची तर तिच्यात स्वच्छ गोटे घालावेत, नाहीतर पिले भिजतात किंवा बुडतात. भांडे विटेवर, पिलांच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवले तर पाणी कमी सांडते आणि त्यात तूसही कमी पडते. अंथरूण ओले होते ते बहुधा या भांड्यामुळेच.

पहिल्या दिवशी मक्याची बारीक भरड चालते. दुसऱ्या दिवसापासून पिलांचे तयार खाद्य, ज्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, तेच द्यावे. नुसत्या कण्यांवर आणि भरडीवर वाढवलेली पिले जगली तरी पायाने दुबळी होतात. बुरशी आलेला मका किंवा पेंड टाकून द्यावी. तिच्यातले विष यकृत खराब करते.

लस आणि औषध

मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा घरात आली की खुराडे रिकामे करते. १९२७ साली ती हिमालयातल्या राणीखेत येथे नोंदली गेली, म्हणून तिला ते नाव पडले. तिच्यावर उपचार नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि पुढे सहा-आठ आठवड्यांनी टोचून. लसीची बाटली बहुधा शंभर किंवा जास्त पिलांची असते, आणि विरघळवल्यावर ती बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाड्यातल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात पिले आणावी आणि एकाच दिवशी लस घ्यावी. खर्च वाटला जातो आणि लस वाया जात नाही. गंबोरो वगैरे इतर लसी केव्हा द्यायच्या, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात टाकण्याची सवय सोडावी. कारणावाचून दिलेल्या प्रतिजैविकांनी जंतू निगरगट्ट होतात आणि उद्या आपल्या मुलांच्या आजारात तेच औषध चालत नाही. याच कारणाने २०१९ साली सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली.

शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळलेली दिसली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूच पुसावी; ओढून काढू नये. पुष्कळदा याचे कारण थंडीच असते.

घरातली माणसे

पिले स्वयंपाकघरात किंवा निजण्याच्या खोलीत ठेवू नयेत. तुसाची धूळ आणि अमोनिया दम्याच्या माणसाला व तान्ह्या बाळाला बाधतो. मुलांना पिले हातात घ्यायला आवडतात. घेऊ द्या, पण मुका घेऊ देऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवायला लावा. निरोगी दिसणाऱ्या पिलाच्या विष्ठेतही जुलाबाचे जंतू असू शकतात. तूस बदलताना नाकातोंडाला फडके बांधावे.

एकाच दिवशी बरीच पिले किंवा कोंबड्या अचानक मेल्या तर त्या विकू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा, आणि डॉक्टर सांगतील तसे खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

काढलेले तूस फेकू नये. खड्ड्यात शेण-पाल्याबरोबर काही महिने कुजवले की उत्तम खत होते. ताजे मात्र झाडाच्या मुळाशी घालू नये; ते उष्ण पडते. गुरांच्या वैरणीतही ते मिसळू देऊ नये.

त्या भगिनीच्या अकरा पिलांपैकी नऊ जगली. आम्ही त्याच दुपारी सगळे तूस काढले, कपाटावरचे कोरडे गोणपाट अंथरले, शेजारच्याकडून जुना पिवळा बल्ब आणून टांगला. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात, तिने पुन्हा चाळीस पिले आणली. या वेळी मे महिन्यात वाळवून ठेवलेले तूस तिच्या भावाने माळ्यावरून काढून दिले. परवा विचारले तेव्हा म्हणाली, "सदतीस हायत फादर. रोज सकाळी मूठ दाबते, मगच चूल पेटवते."

तुमच्या घरी पिले असतील तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी एक मूठ दाबून पाहून या.